चौथ्या बाजूची लेस

माझी थोरली बहीण इंदापूरला दिलेली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. माझ्याहून ती आठ वर्षांनी मोठी. मी काटेवाडीचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पाना, हातोडी, व्हर्नियर यांत जन्म गेला. सुई-दोरा हातात धरायची वेळ कधी आली नव्हती. ती आक्कामुळं आली.

एप्रिलमधल्या एका सकाळी चहा गाळताना आक्काच्या हातातून गाळणं पडलं. उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. दाजींनी, म्हणजे तिच्या मालकांनी, हाक मारली तर तिला ओ देता येईना. उजवी बाजू गेली होती. बारामतीला दवाखान्यात पंधरा दिवस काढले. जीव वाचला, पाय थोडा हलायला लागला, पण उजवा हात तसाच राहिला आणि बोलणं जवळजवळ गेलं. पाच-सहा शब्द उरले. व्हय, न्हाय, पाणी, बास. माणूस ओळखायची, सगळं कळायचं, पण शब्द ओठावर यायचा नाही. मग ती तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसायची.

इंदापूरच्या घरात ती आणि दाजी दोघंच. दाजींची गावाबाहेर पेरूची बाग आहे, त्यांचा अर्धा दिवस तिकडं जातो. एकुलती एक मुलगी बारामतीला, कॉलेजात शिकवते. ती रविवारी यायची. मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागलो. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी परत. तिथं जाऊन करायचं काय, हा प्रश्न होताच. मी पेपर वाचून दाखवायचो. ती डोळे मिटून घ्यायची.

व्यायाम घ्यायला एक तरुण बाई यायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "यांना पूर्वी कशाची आवड होती? हातात काहीतरी ओळखीचं द्या. नुसता चेंडू दाबून कंटाळतात पेशंट."

आवड मला माहीत होती. कपाटाच्या खालच्या कप्प्यात कापडी पिशवी होती, ती मी काढून आणली. आत बिस्किटी रंगाचं एक मोठं कापड होतं. भाचीनं बारामतीला नवीन फ्लॅट घेतला होता, तिथल्या जेवणाच्या टेबलासाठी आक्कानं हा टेबलक्लॉथ घेतला होता आणि त्याला चारी बाजूंनी क्रोशाची लेस करत होती. कड दुमडून शिवलेली, कडेनं सगळीकडं पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके घातलेले, आणि त्या टाक्यांना जोडत जोडत चार बोटं रुंदीची लेस. एक लांब बाजू पूर्ण झाली होती, कोपरा वळवून अरुंद बाजूला सात कंगोरे झाले होते. सातव्या कंगोऱ्यातून सुई तशीच लोंबत होती.

आक्कानं डाव्या हातात सुई घेतली. दोरा धरायला दुसरा हात नव्हता. दोन-तीनदा सुई नुसती हवेत फिरवली आणि मग कॉटवर टाकून दिली. मला वाटलं, पिशवी आणली ही चूक झाली. मी कापडाची घडी घालायला लागलो तर तिनं माझं मनगट धरलं.

"तू," ती म्हणाली.

"मी काय?"

"तू. धर."

मी कापड धरलं. तिनं मान हलवली. सुईकडं बोट केलं. मला हसू आलं. मी म्हटलं, "आक्का, माझे हात बघ की. ह्या हातानं नट फिरवलेत मी." ती हसली नाही. सुई उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि वाट बघत बसली.

त्या दिवशी दुपारभर मी नुसती साखळी घातली. दोऱ्याचा एक फास, त्यातून सुईनं दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. ऐकायला एवढंच. माझा प्रत्येक फास इतका आवळलेला, की पुढच्या वेळी सुई आत शिरेना. आक्का डाव्या हाताच्या बोटानं त्यावर टिचकी मारायची. मी वर बघितलं की ती ओठ जुळवायची, मान ताठ करायची, आणि बऱ्याच वेळानं म्हणायची, "घट."

"घट्ट झालं?"

"व्हय. उसव."

उसव. हा शब्द आजारपणानंतर मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि पुढचे सहा महिने तोच सगळ्यांत जास्त ऐकला. संध्याकाळी निघताना वीतभर साखळी झाली होती. माझे खांदे असे भरून आले होते, की बॉयलरखाली आठ तास झोपून काम केल्यावरही आले नव्हते.

घरी बायकोला सांगितलं. तिला क्रोशा चांगला येतो. ती म्हणाली, "अहो, तुमचं काय चाललंय हे? मला द्या ते कापड, पंधरा दिवसांत करून देते." मलाही ते पटलं. पुढच्या शुक्रवारी मी आक्कासमोर हे बोललो, तर तिनं कापड ओढून मांडीखाली घेतलं.

"न्हाय."

"अगं, पण ती चांगलं करील. माझं बघ कसं होतंय."

"न्हाय. तू."

याचं कारण मला पुष्कळ दिवसांनी उमगलं. माझ्या बायकोनं लेस केली असती तर ती तिची लेस झाली असती. तिच्या हाताला तिची सवय आहे. मला काहीच येत नव्हतं, त्यामुळं आक्का सांगेल तेवढंच मी करणार होतो.

बायकोनं मग मदत केली ती वेगळी. माझ्या अंगठ्याला भेगा होत्या, त्यांत दोरा अडकायचा. ती रोज संध्याकाळी खोबरेल तेल लावायला लावायची. खांब कसा घालायचा तेही तिनंच घरी दाखवलं. सुईला दोऱ्याचा एक वेढा जास्त घेऊन टाका उंच करायचा, त्याला खांब म्हणतात. आक्काची लेस आडवी जाणारी होती. चार बोटांची पट्टी उलट-सुलट विणायची, दर दुसऱ्या ओळीला कापडाच्या कडेला जोड घ्यायचा. अशा आठ ओळी झाल्या की बाहेरच्या अंगाला एक गोल कंगोरा तयार होतो.

सरावासाठी मी दोऱ्याचा गुंडा आणि सुई बरोबर ठेवायला लागलो. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली की पिशवीत हात घालून विणायचो, लोकांना दिसू नये म्हणून. एकदा लासुर्ण्याच्या पुढं मागच्या सीटवरून एक म्हातारी बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "बाबा, खांब सुटलाय तुमचा. चौथ्या घरात."

मी कानापर्यंत लाल झालो असणार. पण बघितलं तर खरंच सुटला होता.

"किती दिस झालं शिकून?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला."

"मग बरं हाय. पिशवीतनं भाईर काढा की, आत काय दिसतंय?"

त्या निमगाव केतकीला उतरल्या. तेव्हापासून मी उघडपणे विणायला लागलो. कंडक्टरनं दोन-चार दिवस बघितलं, मग तोही बघेनासा झाला.

जूनअखेर आक्कानं मला खऱ्या कापडाला हात लावू दिला. आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचो. ती डाव्या हातानं कापड दाबून धरायची, मी विणायचो. टाका सैल पडला की "सैल", आवळला की "घट". घर, म्हणजे सुई घालायची जागा, चुकलं की नुसतं बोट ठेवायची. हळूहळू शब्द वाढायला लागले. "हितं." "एक सोड." "म्होरं." एकदा मी चार खांब सलग बरोबर घातले तर म्हणाली, "बास झालं की." म्हणजे बरं जमलं, असं मी समजलो.

ऑगस्टमध्ये आमचं भांडण झालं. अरुंद बाजू संपली होती आणि दुसरा कोपरा आला होता. त्या आठवड्यात तिला ताप होता म्हणून मी कापड काटेवाडीला घेऊन गेलो. म्हटलं, एकदम पुढं नेऊन तिला दाखवू. चार दिवस बसून कोपरा वळवला आणि लांब बाजूला अकरा कंगोरे केले. बायको म्हणाली, "कोपरा जरा उचलल्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, इस्त्रीनं बसेल.

शुक्रवारी मोठ्या अभिमानानं कापड आक्कासमोर पसरलं. तिनं अकरा कंगोऱ्यांकडं बघितलंच नाही. कोपऱ्यावर हात फिरवला. तिथं लेस वाटीसारखी वर आली होती. कोपऱ्यावर एकाच घरात चार वेळा जोड घ्यायचा असतो, म्हणजे पट्टीला वळायला जागा मिळते. मी एकदाच घेतला होता.

"उसव," ती म्हणाली.

"सगळं?"

"व्हय."

"अकरा कंगोरं हायत आक्का. चार दिवस गेलेत माझं. टेबलाच्या कोपऱ्यावर कोण बघणार हाय?"

"उसव."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुला दुसरं काय बोलता येत न्हाय का?" आणि बोलल्याबरोबर मला कळलं, की मी काय बोललो. तिनं हात कापडावरून काढून घेतला. मी तसाच उठलो आणि चालत दाजींच्या बागेकडं गेलो.

दाजी पेरूंना कागदाच्या पिशव्या बांधत होते. मी त्यांच्या शेजारी उभा राहून पिशव्या बांधायला लागलो. चार-पाच पिशव्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं पावणं?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमाला एक ठावं न्हाय. दवाखान्यातनं आणली तवा तिला आकडंच येत न्हवतं. एक, दोन म्हणायची आन् थांबायची. डाक्टरीणबाईंनी सांगितलं व्हतं, मोजायला लावा. माझ्यासंगं मोजायची न्हाय. आता रोज सकाळी ते कापड घिऊन बसती आन् एक एक कंगोऱ्यावर बोट ठिवून मोजती. आमुशाला नवापर्यंत आली व्हती. तुमी कापड न्यायच्या आदल्या दिशी एकवीस झालं."

मी हातातली पिशवी बांधून घेतली आणि परत निघालो.

आक्का तिथंच बसली होती. मी समोर बसलो, दोऱ्याचं टोक सोडवलं आणि ओढायला सुरुवात केली. क्रोशा उसवणं फार सोपं असतं, तेच त्यात वाईट. चार दिवसांचं काम अर्ध्या तासात उतरलं. दोरा वाकडातिकडा, नागमोडी निघत होता, आणि ती डाव्या हातानं त्याचा गुंडा करत होती. एका हातानं गुंडा होत नाही. तो सारखा घरंगळायचा. तिसऱ्यांदा कॉटखाली गेला तेव्हा मी गुडघ्यावर वाकून काढत होतो, आणि वर बघितलं तर ती हसत होती. तोंडाची एकच बाजू हलत होती, पण हसत होती.

मी म्हटलं, "मघाशी बोललो ते चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली.

मार्गशीर्षात भाचीची वास्तुशांत ठरली. आम्ही जोर लावला, पण त्या दिवसापर्यंत तीनच बाजू झाल्या. चौथी, अरुंद बाजू मोकळी होती. तिथं नुसते कडेचे टाके. आक्काला वाटलं, न्यायलाच नको. भाची म्हणाली, "आई, टेबलाची ती बाजू भिंतीलाच लागून आहे. कोणाला दिसणार नाही." बारामतीला भिगवण रोडला तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे. आक्काला लिफ्टनं वर नेलं. कापड पसरलं, मोकळी बाजू भिंतीकडं केली आणि वर प्रसादाची ताटं मांडली.

पाहुण्यांत भाचीच्या सासरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी लेस हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "किती सुरेख आहे, कोणी केली?"

भाची उत्तर देणार होती. आक्कानं हात वर केला, म्हणजे थांब. सगळे थांबले. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यानं केली. चुका बी... ह्याच्याच."

आजारपणानंतरचं ते तिचं सगळ्यांत लांब वाक्य. त्या बाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, त्या नुसत्या हसल्या. भाची मात्र ताटं घ्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कापड परत इंदापूरला आलं. मी चौथी बाजू सुरू केली. आता मला सांगावं लागत नव्हतं, आणि तिथंच अडचण झाली. आक्का समोर बसून नुसती बघायची. तिला काही कामच उरलं नाही. एका मंगळवारी मी गेलो तर ती डाव्या हातानं रिकामी सुई फिरवून बघत होती. दोरा नाही, काही नाही. मी आलेलं कळल्यावर तिनं सुई खाली ठेवली.

तिला धरायला दुसरा हात नव्हता. पण एखादी वस्तू पक्की धरून ठेवायची, हे तर माझं आयुष्यभराचं काम. मी घरी जाऊन जुना सी-क्लॅम्प काढला. टेबलाच्या कडेला तो आवळायचा, त्याच्यावर दोन लाकडी पट्ट्यांची चिमट्यासारखी पकड बसवली. लेसचं टोक तीत अडकवायचं. दोऱ्याला ताण राहावा म्हणून बाजूला तारेच्या दोन कड्या केल्या. दोरा त्यांतून फिरून येतो आणि बोटात धरल्यासारखा ताठ राहतो. पहिल्या दिवशी पकडीतल्या स्क्रूचा गंजाचा डाग लेसला लागला. आक्कानं लिंबाकडं बोट केलं. मी लिंबू-मीठ चोळून डाग काढला आणि लाकडाला आतून फ्लॅनेलचं कापड चिकटवलं.

डाव्या हातानं विणलं की काम उलट्या दिशेनं जातं. त्यामुळं माझ्या पुढं तिला काम करता येईना. आम्ही असं ठरवलं, की ती जिथं लेस मुळात सुरू झाली होती तिथून विणेल, तो राहिलेला कोपरा वळवेल आणि चौथ्या बाजूला माझ्या दिशेनं येईल. ठरवलं म्हणजे मी बोललो आणि ती म्हणाली, "दम काढ. करती."

पहिला खांब घालायला तिला तेवीस मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं म्हणून मला माहीत आहे. मी माझं विणणं थांबवलं नाही, कारण थांबून बघितलेलं तिला आवडत नव्हतं. त्या दिवशी तिचे चार खांब झाले. पुढच्या शुक्रवारी अर्धा कंगोरा. कोपऱ्यावर तिनं एकाच घरात चार जोड घेतले आणि प्रत्येक जोडाला माझ्याकडं बघितलं. संक्रांतीपर्यंत तिचे नऊ कंगोरे झाले होते, माझे बारा.

मधे राहिलेली जागा पाहिली तर ती पुऱ्या कंगोऱ्याला कमी आणि सोडून द्यायला जास्त. मी पट्टी घेऊन मापं काढायला लागलो, की मागचे दोन-तीन उसवून थोडे पसरट करता येतील का. एरवी तिनंच उसवायला लावलं असतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बारका कर."

"बारका दिसंल."

"दिसू दे."

तो आठ ओळींचा कंगोरा मी पाच ओळींत बसवला. दोन्ही टोकं सुईदोऱ्यानं शिवून जोडायची होती. ते शिवणकाम मात्र बायकोनं केलं, मला जमण्यासारखं नव्हतं. मग कापड धुऊन, हलकी खळ घालून, गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवलं. तिचे डाव्या हाताचे नऊ कंगोरे थोडे सैल आहेत, माझे थोडे घट्ट. जवळून बघितलं तर कळतं.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे भाचीकडं जेवायला गेलो होतो. टेबलावर तोच टेबलक्लॉथ होता आणि त्याच्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक घातलेलं होतं. मी म्हटलं, "हे कशाला?"

"मामा, आमटी सांडते. डाग पडला तर जीव जाईल माझा."

आक्का काठी टेकत आली, खुर्चीवर बसली. आता ती काठीनं घरभर चालते. बोलणं सावकाश, पण कळतं. उजवा हात आलेला नाही, तो येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. तिनं डाव्या हातानं प्लास्टिकची कड धरली आणि ओढली. भाचीनं घाईनं ताटं उचलली. प्लास्टिक अर्धं जमिनीवर गेलं, उरलेलं मी काढून गुंडाळून ठेवलं.

"वाढ," आक्का म्हणाली.

भाचीनं वाढलं. डाव्या हातानं जेवताना आक्काची आमटी थोडी सांडलीच, लेसच्या अलीकडं, कापडावर. ती जेवत राहिली. आम्हीही जेवलो.